पावसाळ्यात गोचीड फारच झालेत, काय करू?

मोत्याचीआई:
आमचा मोत्या ३ वर्षांचा, देशीच आहे. पाऊस सुरू झाल्यापासून रोज अंगावर गोचीड, काल तर कानात आणि पायाच्या बोटांमधे मिळून ११ निघाले, काही तर टम्म फुगलेले. सासूबाई म्हणतायत रॉकेल चोळ, गावाला गुरांना तेच करायचे. चालेल का?

पक्या_सातारकर:
रॉकेल अजिबात नको हो ताई!! कातडी भाजते आणि कुत्रं चाटतं ते वेगळंच. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढायचा, बोटाने चिरडायचा नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. आणि भिंतीच्या फटी बघा, मादी खाली उतरून तिथेच हजारोंनी अंडी घालते, नुसतं कुत्रं धुऊन काय होणार

दोन_बोके:
घरात मांजर असेल तर जपून. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, मांजराला ते विष आहे.

मोत्याचीआई:
मांजर नाहीये. पण कालपासून हा नीट जेवत नाही, दहीभात पण तसाच पडलाय 😟

पक्या_सातारकर:
मग उद्यावर ढकलू नका, आजच डॉक्टरकडे न्या. गोचीड ताप असू शकतो, हिरड्या पांढरट दिसतायत का बघा. रक्त तपासून प्लेटलेट बघतात. आमच्या राणीचे आम्ही उकाड्याने असेल म्हणत ४ दिवस घालवले, मग नाकातून रक्त आल्यावर धावपळ, महिनाभर डॉक्सीसायक्लिन चालू होतं, तेही गुळात लपवलं तर गूळ खाऊन गोळी थुंकायची.

मोत्याचीआई:
निघालेच, रिक्षा बोलावलीये