क्रूझवरून ग्रीक बेटावर: तुमचा दिवस कसा गेला?

ऑक्टोबरात आईबाबांना घेऊन ग्रीक बेटांच्या क्रूझला निघतोय. सँटोरिनी, मायकोनोस, ऱ्होड्स. माहितीपत्रकात सगळंच 'अविस्मरणीय' आहे, म्हणून तुम्हालाच विचारतेय. बेटावर मिळालेले ते मोजके तास तुम्ही कसे घालवलेत? यादीबाहेरच्या बेटांबद्दलही लिहा.

*

सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. ज्वालामुखी खचून जिथे समुद्र आत शिरला तिथे ते उभं राहतं आणि छोट्या बोटी तुम्हाला कड्याच्या पायथ्याशी सोडतात. 'फिरा' नावाचं गाव थेट माथ्यावर. वर जायला केबलकार, पाचशे ऐंशीच्या वर पायऱ्या, नाहीतर खेचरं. त्या उन्हात माणसं वाहणारी जनावरं मला बघवत नाहीत. पायऱ्यांवरूनही तीच जातात, लीद चुकवत चालावं लागतं. आईबाबांना केबलकारच बरी. चढताना फारसं काही नाही, उतरताना मात्र सगळ्या जहाजांची गर्दी एकदम रांगेत येते.

सूर्यास्तासाठी ओइया गावाला सगळेच धावतात. आम्ही ते सोडून अक्रोतिरीला गेलो आणि मला तरी तोच दिवसाचा खरा ऐवज वाटला. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकात राखेखाली गाडलेलं शहर, 1967 पासून पुरातत्त्वज्ञ मारिनातोस यांनी खणून काढलेलं. दुमजली-तिमजली घरं, ओळीने रांजण, रस्त्याखाली सांडपाण्याची गटारं! माणसांचे सांगाडे मात्र सापडले नाहीत. लोक आधीच निघून गेले असावेत. वर छप्पर आहे, त्यामुळे ऊनही लागत नाही.

*

शाकाहारी असाल तर सँटोरिनीत 'फावा' मागवा. पिवळ्या डाळीचं गोळा वरणच, वर ऑलिव्ह तेल आणि कच्चा कांदा. ही डाळ विदर्भातल्या लाखोळीच्या भावकीतली. सोबत टोमॅटोची भजी मिळतात. सासूबाईंनी दुसरी प्लेट मागवली, मग बाकीच्यांचं काय सांगू.

*

मायकोनोसच्या पवनचक्क्या तासाभरात बघून होतात (दुकानं टाळली तर!). जुन्या बंदरातून शेजारच्या डेलोस बेटाची बोट धरा, अर्ध्या तासाचा प्रवास. ग्रीक देव अपोलोचं जन्मस्थान, म्हणून तिथे जन्मायला आणि मरायला बंदी होती, इ.स.पू. 426 मध्ये अथेन्सवाल्यांनी जुन्या कबरीही उकरून दुसरीकडे हलवल्या. सावली जवळपास नाही. टोपी, पाणी घ्या आणि परतीच्या बोटीची वेळ आधी बघा.

*

ऱ्होड्सला आईबाबांची चैन. जहाजातून उतरून चालतच जुन्या शहराच्या तटापाशी पोचता येतं. बेट 1309 ते 1522 सेंट जॉनच्या सरदारांच्या (धर्मयुद्धांच्या काळातल्या ख्रिस्ती लढवय्यांच्या) ताब्यात होतं, मग ऑटोमन सुलतान सुलेमानने जिंकलं. सरदारांची गल्ली अजून शाबूत आहे, पण फरसबंदी गोट्यांची. बूट हवेत, चपला नकोत.

*

यादीबाहेरचं चालेल म्हणालात म्हणून कॉर्फू. गावातल्या मोठ्या मैदानात, स्पियानादात, चक्क क्रिकेट! इंग्रजांच्या अमलात 1823 साली सुरू झालं ते. आमच्या दिवशी सामना होता. नवरा कठड्यावर बसला तो उठेचना; राजवाडा मी एकटीने बघितला.

*

मधे तुर्कस्तानचं बंदर आहे का, ते बघा. असेल तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो. 2025 पासून क्रूझ प्रवाशांना उतरण्याचा करही आहे: सँटोरिनी-मायकोनोसला ऐन मोसमात माणशी 20 युरो, ऑक्टोबरात कमी. आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, फोनच्या नाही.