अनडू : उसवणे, उकलणे की पूर्ववत?

फोंड्याला घरी आलेल्या भाचीने परवा विचारलं, "मावशी, अनडूला (undo, म्हणजे नुकतंच केलेलं मागे घेण्याला) मराठीत एकच शब्द सांग ना." ती एका ॲपचं मराठीकरण करते आहे, बटणावर बसेल इतका लहान शब्द तिला हवा होता. मी लगेच म्हटलं, "उसवणे." शेजारी आई ब्लाउजच्या बाहीची शिवण उसवत बसली होती, म्हणून तोच शब्द तोंडावर आला. भाची म्हणाली, "पाठवलेला मेल कसा उसवायचा?" तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी इंग्रजीचं बघू. अनडू हा कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ बांधलेलं, बंद केलेलं सोडणं किंवा उघडणं असा होता, आणि आजही बटण, गाठ, पट्टा यांच्यासाठी तो तसाच वापरतात. केलेल्याचा परिणाम पुसून टाकणं हा त्याचा दुसरा अर्थ. तिसरा अर्थ आपल्याला चकवतो : 'अनडूइंग' म्हणजे एखाद्याचा घात, विनाश किंवा त्याचं कारण. 'लोभ हीच त्याची अनडूइंग ठरली' याचं मराठी 'लोभानेच त्याचा घात केला'. इथे 'उलटवणे' घातलं तर वाक्य कोसळतं. 'अनडन' तर दुतोंडी आहे. काम अनडन म्हणजे केलेलंच नाही, गाठ अनडन म्हणजे बांधली होती, ती सुटली.

या दुतोंडीपणाचं कारण असं की इंग्रजीत 'अन' दोन आहेत. 'अनहॅपी'तला नकाराचा अन आपल्या 'अनादर', 'अनिष्ट'मधल्या अन्‌चा सख्खा भाऊ. क्रियापदाला लागून क्रिया उलटवणारा अन मुळात वेगळा, जर्मनमधल्या 'एन्ट'च्या घराण्यातला. आवाज एक झाला म्हणून आपण दोघांना एकच समजतो. 'अनलॉकेबल' म्हणजे कुलूप लावता न येणारं, की कुलूप काढता येणारं? दोन्ही अर्थ बरोबर आहेत. पोर्तुगीजमध्ये ही अडचण सहसा येत नाही. 'फाझेर' म्हणजे करणं, 'देशफाझेर' म्हणजे केलेलं मोडणं, आणि नकाराला बहुतेक वेळा वेगळा उपसर्ग. गोव्यातल्या जुन्या पिढीतल्या पोर्तुगीज शिकलेल्यांना अनडू समजावताना मी हीच जोडी पुढे करते.

मराठीत क्रिया उलटवायला असा कुठेही चिकटणारा उपसर्ग नाही, पण म्हणून मराठी गरीब ठरत नाही. जे केलं असेल त्याप्रमाणे आपलं क्रियापद बदलतं. शिवण उसवतो, गाठ सोडतो, घडी उलगडतो, गुंता उकलतो, कुलूप उघडतो, विष उतरवतो, दृष्ट काढतो (कोकणीतही दिश्ट काडप असंच आहे), शब्द मागे घेतो, हुकूम रद्द करतो. घोळ घातला तर निस्तरतो, आणि 'निस्तरणे'त जो घाम आहे तो अनडूत नाही. यातल्या कितीतरी शब्दांच्या तोंडी 'उ' आहे. उघडणे आणि उतरणे यांतला उ संस्कृतच्या 'उद्' उपसर्गाचा, म्हणजे वर, बाहेर. 'शिवणे'शेजारी 'उसवणे' ठेवलं की मला तिथेही तोच हात दिसतो.

आता बटण. बहुतेक ठिकाणी तिथे 'पूर्ववत करा' असतं. मला तो शब्द सरकारी वाटायचा, बदलायचाच असं मी ठरवलं होतं. मन बदललं ते आईच्या हातातली बाही पाहून. दोरा निघाला होता, पण सुईची भोकं तशीच दिसत होती. कापड पूर्ववत झालं नव्हतं, फक्त उसवलं होतं. स्क्रीनवर मात्र खोडलेला परिच्छेद मागचा माग न ठेवता परत येतो. म्हणजे पूर्ववत हा शब्द खरा ठरण्याची जागा तीच. भाचीला सांगितलं, तो राहू दे.

पण तिथेच राहू दे. बातमीच्या भाषांतरात 'निर्णय पूर्ववत केला' असं कुणी लिहिलं तर वाचणारा 'बससेवा पूर्ववत' वाचतो तसंच वाचणार : बंद पडलेला निर्णय पुन्हा लागू झाला. अर्थ थेट उलटा! गोव्यात कुठली जमीन कशासाठी वापरायची ते २०११ सालापर्यंत ठरवणारा 'प्रादेशिक आराखडा २०११' लोकांच्या आंदोलनानंतर २००७ च्या सुरुवातीला सरकारने रद्द केला. तिथे 'रद्द' किंवा 'मागे घेतला' हेच शब्द हवेत. आराखडा रद्द होतो कारण तो कागदावर असतो. कापलेल्या डोंगराला मात्र यातलं एकही क्रियापद लागत नाही. डोंगर उसवत नाही, उलगडत नाही, पूर्ववत तर नाहीच. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घालून राखलेल्या सखल जमिनीचा, बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं, तर बांध घालून, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन जमीन पुन्हा कसता येते. त्याला 'शेत परत उभं करणं' म्हणावं, अनडू नव्हे.

भाचीचा पुढचा प्रश्न रिडूचा आहे. सगळीकडे 'पुन्हा करा' लिहितात, पण रिडू म्हणजे तेच काम आणखी एकदा करणं नव्हे, मागे घेतलेलं परत आणणं. 'परत आणा' लिहिलं तर ते अनडूसारखंच वाटतं. आई म्हणाली, "उसवलेलं परत शिवतात, त्याला वेगळा शब्द कशाला?" मला तो हवा आहे. कुणाकडे असेल तर सांगा.