गाडीला सबसिडी कशाला? वीज दारापर्यंत आणून द्या

डबेवाला_दांडियाबाजार

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना दुपारचे डबे पुरवतो. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक मालवाहू तीनचाकी घेतली, बॅटरी साधारण १० किलोवॉट-अवरची, म्हणजे १० युनिटची. केंद्राच्या फेम-२ या ईव्ही सबसिडी योजनेत तेव्हा तीनचाकीला दर किलोवॉट-अवरमागे १०,००० रुपये मिळायचे. ते किमतीतूनच वजा झाले. गुजरातच्या २०२१ च्या ईव्ही धोरणातले ५०,००० नंतर खात्यात जमा झाले. डीलरने फाइल अर्धवट भरल्यामुळे उशीर झाला, पण आले. म्हणजे एकूण दीड लाख.

आता खरं सांगतो. हे दीड लाख नसते तरी मी गाडी घेतलीच असती. फेरा ठरलेला, रोज सत्तर किलोमीटर. संध्याकाळी चारनंतर गाडी उभीच. सीएनजीच्या रांगेत जाणारा वेळ वाचला, त्यातच माझं भागलं. सरकारने मला जे करायचंच होतं त्याचे पैसे दिले.

दुसरी गाडी मात्र तीन वर्षं घेऊ शकलेलो नाही. पैसे नाहीत म्हणून नव्हे. आमचा जुना वाडा, मीटर जिन्याखाली, मंजूर लोड इतका की रात्री दोन गाड्या आणि वरच्या मजल्यावरचा एसी एकदम लागला की फ्यूज उडतो. लोड वाढवायचा तर केबल नवी, मीटरपेटी नवी, भावकीची संमती नवी. (तिसरी सगळ्यात महाग.) जिथे घोडं अडतं तिथे एक पैसा नाही, आणि जिथे वाट मोकळी तिथे दीड लाख. हा पैसा गाडीवर न देता जोडणीवर द्यावा, असं माझं म्हणणं. हाणा आता.

हिशेबनीस

तुम्ही फक्त उघड दिसणारी सबसिडी मोजलीत. करातली मोजा.

ईव्हीवर जीएसटी ५ टक्के, सीएनजी तीनचाकीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८, त्याआधी २८. पण माल वाहणाऱ्या गाडीचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी पुढे भरायच्या करातून वजा होतो, त्यामुळे नेहमीच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला हा फरक जवळपास शून्य. तुमचं तसं नाही. जेवणाच्या धंद्यात ५ टक्के भरून क्रेडिट सोडावं लागतं, तेव्हा तुमचा फायदा खराखुरा.

दुसरं, घसारा, म्हणजे गाडीची दरवर्षी उतरणारी किंमत खर्च म्हणून दाखवणं. इलेक्ट्रिक वाहनावर ४० टक्के, साध्या मोटारीवर १५. वाचायला छान. पण तुम्ही आयकरातल्या छोट्या धंद्यांच्या अंदाजे-नफा योजनेखाली (जुनं कलम ४४ एडी) उलाढालीच्या ६-८ टक्के नफा दाखवून मोकळे होत असाल, तर घसारा वेगळा मागताच येत नाही. म्हणजे ज्याची पुस्तकं सीए लिहितो त्याला सवलत, आणि जो वहीत पेन्सिलीने लिहितो त्याला ठेंगा. माझ्या अशिलांपैकी बहुतेक दुसऱ्या गटातले.

खंडेराव_मार्केट

मूळ प्रश्नच कोणी विचारत नाही. धंद्याला सबसिडी द्यायचीच का? मंडईत हातगाडी ढकलणारा माणूस साबणावर, बिस्किटावर कर भरतो, त्यातून तुमच्या टेम्पोला दीड लाख. इलेक्ट्रिक स्वस्त पडते असं तुम्हीच म्हणता. मग स्वस्त वस्तू घ्यायला माणसाला पैसे का द्यावे लागतात?

सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा काढली. कर्ज घ्या, धंदा करा, फेडा. खात्यात फुकटचे ५०,००० टाकत बसले नाहीत.

डबेवाला_दांडियाबाजार

खंडेरावसाहेब, त्याच महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली ती नफ्यासाठी नव्हे. एकट्या धंदेवाल्याला जे उभारता येत नाही ते राज्याने उभारायचं. ट्रान्सफॉर्मर त्यातच मोडतो. मी तेच म्हणतोय, तुम्ही माझ्याच बाजूने भांडताय.

खंडेराव_मार्केट

नाही हो. कलाभवन सगळ्यांसाठी होतं, तुमची जिन्याखालची मीटरपेटी तुमची.

हप्तेवाला

डबेवाले काका, राग मानू नका, पण तुमचं "नसते तरी घेतली असती" हे ज्याच्या हातात आधीच चार पैसे आहेत त्याचं वाक्य आहे. माझा भाऊ भाड्याची सीएनजी रिक्षा चालवायचा. बँकेने दारात उभं केलं नाही. फायनान्स कंपनीने केलं, पण व्याज असं की ऐकून घाम फुटावा. कारण विचारलं तर म्हणाले, जुन्या ईव्हीला बाजारात भाव नाही, गाडी ओढून आणली तर आम्ही विकायची कोणाला? त्यामुळे आधी भरायची रक्कम मोठी मागतात. सबसिडीने किंमत उतरली म्हणून ती रक्कम आवाक्यात आली आणि रिक्षा त्याच्या नावावर झाली. तुमच्यासाठी ती बक्षिसी असेल, आमच्यासाठी तो उंबरठा होता.

आणि आता बघा काय झालं. फेम-२ नंतर आलेल्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत त्या तीनचाकीला पहिल्या वर्षी किलोवॉट-अवरमागे ५,०००, दुसऱ्या वर्षी २,५००, आणि मुदत फार तर ३१ मार्च २०२६ पर्यंतच ठेवलेली होती. गुजरातचं धोरण ३० जून २०२५ ला संपलं. ज्यांना गरज नव्हती ते आधी घेऊन बसले. गरजवंताची पाळी आली तेव्हा पातेलं रिकामं.

डबेवाला_दांडियाबाजार

हे पटलं. माझ्या लक्षात नव्हतं आलं. पण मग व्याजावर सूट द्या, कर्जाला हमी द्या. किमतीतून सरसकट वजावट म्हणजे माझ्यासारख्यालाही तेवढीच आणि तुमच्या भावालाही तेवढीच.

वाघोडिया_रोड

चार्जिंग स्टेशनचं बोला ना. दुकानापुढे मोकळी जागा आहे, साठ किलोवॉटचा फास्ट चार्जर लावावा म्हणून गेल्या वर्षी कोटेशनं घेतली. यंत्र साडेनऊ लाख. ट्रान्सफॉर्मर, केबल, खोदाई, डिपॉझिट मिळून जवळजवळ सात. २०२१ च्या धोरणात यंत्रसामग्रीवर २५ टक्के होते, जास्तीत जास्त १० लाख, पण अख्ख्या राज्यातल्या पहिल्या २५० स्टेशनांना. मी जागा झालो तेव्हा गाडी सुटली होती.

सबसिडीशिवाय हिशेब मांडला. दिवसाला सहा-सात गाड्या धरल्या, शंभर युनिट. सगळं वजा जाता युनिटमागे पाच रुपये सुटले तर दिवसाचे पाचशे, महिन्याचे पंधरा हजार. साडेसोळा लाखांचं व्याजच त्याच्या आसपास. मुद्दल कधी फिटायचं? वर गंमत ऐका. वीज जीएसटीमुक्त, पण तीच वीज चार्जरमधून गाडीत गेली की १८ टक्के. ईव्ही ५ टक्क्यांत, चार्जर ५ टक्क्यांत, आणि चार्ज करणं १८ मध्ये. शेवटी जागा पाणीपुरीवाल्याला भाड्याने दिली. तो वेळेवर भाडं देतो.

निवृत्त_अभियंता

वीज खात्यात चौतीस वर्षं काढली, म्हणून थोडं.

एक, २०१८ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, म्हणून परवाना लागत नाही. मोठी अडचण तेव्हाच गेली. गुजरातेत ईव्हीसाठी वीजदरही वेगळा आहे.

दोन, जोडणीवर पैसे द्या ही मागणी केंद्राने ऐकलेली आहे. पीएम ई-ड्राइव्हच्या १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी चार्जिंगसाठी. बाजार, मॉल, रस्ते अशा ठिकाणी ट्रान्सफॉर्मर-केबलच्या खर्चाचे ८० टक्के, चार्जरचे शून्य. अगदी डबेवाल्यांच्या मनासारखं. फक्त अर्ज दुकानदाराने करायचा नाही. राज्य सरकार, केंद्रीय खाती, सरकारी कंपन्या यांनी मागणी गोळा करून पाठवायची.

तीन, आणि इथे माझा विरोध. प्रत्येक गल्लीत फास्ट चार्जर हवाच कशाला? साठ किलोवॉट म्हणजे एका बऱ्यापैकी सोसायटीचा लोड. धंद्याची गाडी रात्री आठ तास उभी असते. तिला तीन किलोवॉटचा साधा सॉकेट पुरतो. रावपुऱ्याच्या बोळात फास्ट चार्जर बसवून ट्रान्सफॉर्मर भाजण्यापेक्षा रात्रीचा दर उतरवा. सबसिडी नको, फक्त वेळेप्रमाणे दर. लोक आपणहून रात्री प्लग लावतील.

वाघोडिया_रोड

साहेब, म्हणजे स्वतःची जागा असलेल्यालाच ईव्ही. रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने सॉकेट कुठे शोधायचा?

निवृत्त_अभियंता

हा प्रश्न योग्य आहे. माझ्याकडे उत्तर नाही.

विश्वामित्रीकाठी

ऑगस्ट २०२४ कोणी विसरलं का? विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. माझ्या गॅरेजात नंतर दोन महिने बुडालेल्या गाड्या रांगेत होत्या. पेट्रोलच्या गाडीचं इंजिन उघडून, धुऊन पुन्हा चालू करता येतं. बॅटरीपॅकमध्ये पाणी गेलं असेल तर आम्ही हात लावत नाही, कंपनीकडे जा म्हणतो. चार्जर तर सगळीकडे बेसमेंटमध्ये किंवा जमिनीपासून वीतभर उंचीवर. सबसिडी कोणाला द्यायची ते द्या, पण एक अट घाला: २०२४ ची पाण्याची खूण भिंतीवर जिथे दिसते त्याच्या वर चार्जर. नाहीतर जनतेचे पैसे नदीतल्या मगरींना.

खंडेराव_मार्केट

प्रथमच कोणीतरी कामाचं बोललं.

हिशेबनीस

अजून एक राहिलं. राज्याने १ एप्रिल २०२५ पासून वर्षभरासाठी ईव्हीचा मोटार वाहन कर ६ वरून १ टक्क्यावर आणला. त्याला अर्ज नव्हता, पोर्टल नव्हतं, डीलरची फाइल नव्हती. पासिंगच्या वेळी आपोआप कमी भरायचं. द्यायचंच असेल तर असं द्यावं. मात्र टक्केवारी असल्यामुळे वीस लाखांच्या मोटारीला एक लाखाची सूट आणि हप्तेवाल्यांच्या रिक्षेला त्यातला लहानसा तुकडा, हेही खरं.

हप्तेवाला

त्याच्यावर चर्चा करू नका, भाऊ वाचतोय.

डबेवाला_दांडियाबाजार

अभियंतासाहेब, तीन किलोवॉटचे दोन सॉकेट जुन्या लोडवर चालतील का, एक रात्री अकराला आणि दुसरा पहाटे तीनला असं टायमर लावून? एसीवाल्या चुलतभावाशी बोलून ठेवलंय.

निवृत्त_अभियंता

आधी मंजूर लोड बिलावर बघून इथे लिहा, आणि जिन्याखालच्या केबलची जाडी. पहाटे तीनला दुसरा लावलात तर डबे निघायच्या वेळेपर्यंत तो पूर्ण भरेल. अर्थिंग मात्र नवीन करून घ्या, जुन्या वाड्यांत ते नुसतं नावाला असतं. आणि विश्वामित्रीकाठींनी सांगितलंय तसं, सॉकेट छातीइतक्या उंचीवर.