पुनर्विकासाच्या नकाशात पार्सलला जागा कुठे?

गच्चीवरचा : कोथरूडची आमची चार मजली सोसायटी पाडून बारा मजली होतेय. रविवारच्या सभेत नकाशा दाखवला. जिम आहे, पार्टी हॉल आहे. रोज येणाऱ्या खोक्यांना मात्र इंचभर जागा नाही. सध्या ती वॉचमनच्या खुर्चीखाली, नाहीतर मीटरबोर्डासमोर रचलेली असतात. परवा कुणाची तरी मिठाई मुंग्यांनी आधी उघडली. माझं मत : गेटपाशी एका गाडीचं पार्किंग, साधारण २.५ बाय ५ मीटर, सोडावं. तिथे रॅक, छोटा फ्रिज, रायडरला बाइक लावायला जागा. नकाशा मंजूर झाल्यावर हे सुचून उपयोग नाही.

हिशेबी : कोथरूडात पार्किंग सोडा म्हणताय? आधी तुमचं सोडा! आणि गेटवरून वर कोण आणणार? आईचे गुडघे दुखतात म्हणूनच औषधं मागवतो. घरपोच म्हणजे घरापर्यंत.

तळमजला : औषधं जाऊ द्यात वर, गाद्या आणि फ्रिजचं काय? आठ माणसांच्या लिफ्टवर ५४४ किलो लिहिलेलं असतं, माणशी ६८. वजन पेलतं हो, पण खोकं आडवं मावत नाही. दुसरी लिफ्ट खोल घ्या, वेळेला स्ट्रेचरही जाईल.

गिरगावची : लिफ्ट जरूर घ्या, पण तिच्यावर 'डिलिव्हरीवाल्यांनी हीच वापरावी' अशी पाटी लागणार, लिहून ठेवा. मुंबईच्या जुन्या इमारतींना मागून लोखंडी गोल जिना असायचा, सफाई कामगारांनी पुढून येऊ नये म्हणून. माझ्या आजोळी तो अजून आहे, गंजलेला. नव्या नकाशात तोच जिना बटणं लावून आणू नका.

हिशेबी : डबेवाले १८९० पासून डबे पोचवताहेत. त्यांना कुठल्या इमारतीने रॅक दिला होता?

गिरगावची : नाहीच दिला! म्हणून तर चर्चगेटबाहेर फुटपाथवर डबे लावत बसतात, पावसातसुद्धा.

गच्चीवरचा : पाटीचा मुद्दा मान्य, सभेत ठराव मांडतो. ज्येष्ठांसाठी दारापर्यंत, बाकीच्यांनी खाली उतरावं. पार्किंगवर मात्र मी ठाम. कुणाचं सोडायचं त्याची चिठ्ठी काढू, माझं निघालं तर माझं देतो.

हिशेबी : बरं. त्या फ्रिजचं वीजबिल कोण भरणार?