‘मिशन’ला मराठीत काय म्हणावं? (अलामोच्या निमित्ताने)

रानजाई: टेक्सासमधल्या अलामोवर मुलांच्या मासिकासाठी लिहिते आहे. १७१८ साली फ्रान्सिस्कन पाद्री ओलिवारेस यांनी सॅन अँटोनिओला हे मिशन काढलं आणि १८३६ मध्ये तिथेच मेक्सिकोची फौज आणि टेक्सासचे बंडखोर यांच्यात लढाई झाली. मी ‘मठ’ लिहिलं, तर संपादक विचारतात, मठात तोफा कशा? ‘मिशन’ म्हटलं तर मुलांना मोहीम वाटेल. काय लिहू?

शब्दवेल्हाळ: मठच ठेवा. घरचा शब्द असताना उसना कशाला?

कृष्णाकाठ: उसना कसा? मिरजेचं ‘मिशन हॉस्पिटल’ आमच्या आजीच्या तोंडी होतं. शिवाय मठात संन्यासी राहतात. इथे कोआविल्तेकन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची कुटुंबं राहायची, शेती करायची, कापड विणायची, गुरं राखायची. त्यांना ख्रिस्ती करून स्पेनची रयत बनवायचं होतं. ‘धर्मवसाहत’ म्हणा.

शब्दवेल्हाळ: वसाहत म्हटलं की मला औद्योगिक वसाहतच दिसते.

सोपारा: ‘पाद्री’ पोर्तुगीजांकडून आला, तो नाही खटकत कुणाला! वसईच्या किल्ल्यातही फ्रान्सिस्कनांचा मठ होताच. अलामोत मात्र फौज मागाहून आली. १७९३ मध्ये मिशन बंद झालं, पुढच्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश घोडदळ तिथे राहू लागलं. ती तुकडी मेक्सिकोतल्या आलामो दे पारासची, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. आलामो म्हणजे पॉपलरच्या कुळातलं झाड.

रानजाई: ‘१७९३ मध्ये मिशन खालसा झालं’ हे चालेल?

कृष्णाकाठ: अजिबात नाही. खालसा म्हणजे सरकारजमा. इथल्या जमिनी उरलेल्या स्थानिक कुटुंबांना वाटून दिल्या.

शब्दवेल्हाळ: मग ‘विसर्जित’ लिहा. आणि लढून मेले त्यांना ‘हुतात्मे’ म्हणा, ‘शहीद’ नको.

ऑस्टिनकर: दोन्ही शब्द जपून वापरा. तेरा दिवसांच्या वेढ्यानंतर ६ मार्चच्या पहाटे मेक्सिकोचा सेनापती सांता आन्ना याच्या फौजेने तट ओलांडला, आतले जवळजवळ सगळे लढवय्ये मारले गेले, हे खरं. पण मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा हुकूम काढला होता आणि टेक्सासमधल्या वसाहतवाल्यांना गुलाम हवे होते. आतल्या लढवय्यांचा सेनानी ट्रॅव्हिस याचा ‘जो’ नावाचा गुलाम त्या पहाटेतून वाचला. शेवटच्या हल्ल्याची हकिगत त्याने सांगितली. मुलांच्या लेखात हा ‘जो’ यायलाच हवा.

मोसमखोरं: आणि पाणी? तिथल्या मिशनांची शेती ‘असेकिया’वर, म्हणजे पाटावर पिकायची. जवळच्या एस्पादा मिशनचा पाट अजून वाहतो. त्याला कृपा करून ‘कालवा’ लिहू नका! आमच्याकडे फडाच्या, म्हणजे सामाईक पाण्यावरच्या शेतीच्या पाटावर पाटकरी पाळीपाळीने पाणी सोडायचा, तसंच ते.

शब्दवेल्हाळ: कोकणातली मुलं पाट म्हणजे बसायचा पाट समजतील.

मोसमखोरं: समजू देत. ‘पाटाचं पाणी’ लिहिलं की कळतं. पाटकऱ्याचा ‘कालवा निरीक्षक’ केला तेव्हा कुणी विचारलं होतं का, मुलांना कळेल की नाही?

सोपारा: आमच्याकडे ‘पाटकर’ आडनाव आहे. ते यातूनच आलं की पाट नावाच्या गावावरून?