97 पर्सेंटाइलला सीओईपी? पोराला 'विसर' म्हणण्याआधी चार गोष्टी विचारा

तापीकाठ:
काल चोपड्याकडच्या एका पोराने इथे विचारलं, इंजिनिअरिंगच्या सीईटीला 97.2 आहे, पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजला नंबर लागेल का. पहिलं उत्तर काय, तर 'विसर भो, चान्स झिरो, जवळचं कॉलेज पाहा.' त्यावर बारा जणांचे अंगठे. जेवणाचं ताट बाजूला सारून लिहितोय, इतका राग आलाय.

अरे, त्याला कॅटेगरी विचारली का? ब्रँच कुठली पाहिजे? कॉम्प्युटर नव्व्याण्णवच्या कितीतरी पुढे बंद होतं हे मलाही कळतं, पण मेटलर्जी, सिव्हिल, मॅन्युफॅक्चरिंग त्याच्या बरंच खाली येतात. त्याच्या जागी पोरगी असती तर पोरींसाठी राखीव 30 टक्के जागांचा कटऑफ वेगळा बघावा लागला असता. मागच्या तीन वर्षांचे ॲडमिशनच्या सगळ्या राउंडचे कटऑफ न उघडता नुसत्या एका आकड्यावर तुम्ही निकाल देता?

माझी भाची 2025 ची. मेहुण्याने कटऑफची प्रिंट काढून केळीच्या वखारीत नेली होती, अजून तिच्या कोपऱ्यावर चिकाचा काळा डाग आहे. ओळखीच्या एकाने तिला असंच 'तुला पुणे नाही' म्हणून सांगितलं, म्हणून भीतीपोटी तिने ऑप्शनच्या यादीत घराजवळचं कॉलेज तिसऱ्या नंबरला टाकलं. त्या वर्षी नियम नवा होता, पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन मिळाला की ऑटो फ्रीझ, म्हणजे तीच सीट पक्की, पुढच्या राउंडला जाता येत नाही, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. दुसऱ्या राउंडला तिला तेच कॉलेज लागलं, विषय संपला. तिसऱ्या राउंडची लिस्ट आली तर तिला हवी ती ब्रँच तिच्या पर्सेंटाइलच्या खाली बंद झालेली. पोरगी काही बोलली नाही, उठून पाणी भरायला गेली.

फैजपूरचे सर:
'झिरो' लिहिणारा मीच. 19 वर्षं बारावीला फिजिक्स शिकवतोय, तेव्हा रागावण्याआधी ऐकून घ्या. माझा एक विद्यार्थी, 96 च्या आसपास, सगळे म्हणायचे होईल होईल. तीनशे ऑप्शन भरता येतात तर ह्याने सात भरले, सगळे पुणे-मुंबईचे. शेवटच्या राउंडपर्यंत काहीच लागलं नाही. मग बापाने दोन एकर गहाण टाकून मॅनेजमेंटची सीट घेतली, आणि कॉलेज असं की लॅबमध्ये चार पोरांना एक कॉम्प्युटर. तो बाप माझ्या ओट्यावर बसून रडला. त्याला 'होईल' म्हणणारा एकजण आला नाही तेव्हा.

तापीकाठ:
सर, तो प्रश्न यादी लांब करायचा आहे, वरची नावं खोडायचा नाही. सीओईपी वर लिहिलं म्हणून खालचं काही जात नाही. भीतीने खालचं वर आणलं तर मात्र जातं, आमच्या घरात गेलंय.

शहाद्याची आई:
तुम्ही दोघं चान्सबद्दल भांडताय, पण चान्स दहावीनंतरच ठरतो. माझ्या जावेने पोराला अकरावीला पुण्यात टाकलं, बारावी जिथली तिथलंच विद्यापीठ होम युनिव्हर्सिटी धरतात, म्हणून त्याची पुणे. माझा इथे राहिला, सासरे म्हणायचे, 'पोरले इतलं दूर कसाले धाडस?' मार्क त्याचे जास्त, तरी पुण्याच्या खाजगी कॉलेजात तो 'ओ' मध्ये, म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीवाल्यांच्या 30 टक्के जागांत, आणि जावेचा 'एच' मध्ये, तिथल्या पोरांच्या 70 टक्क्यांत. त्याला मिळालं, माझ्याला नाही. आम्ही पोराला जवळ ठेवलं हा गुन्हा झाला का?

धुळे-18:
ताई, तेच 70 टक्के आपल्या युनिव्हर्सिटीच्या कॉलेजांत आपल्या पोरांना मिळतात, तेव्हा कोणी तक्रार करत नाही.

शहाद्याची आई:
इकडे एखादं चांगलं, पुण्यात तशी किती आहेत मोजा ना. आमचे 70 आणि त्यांचे 70 सारखे कसे?

फैजपूरचे सर:
आता विषय निघालाच आहे तर बोलतोच. ही पुण्याला, लातूरला, नाहीतर इथेच कागदावर ॲडमिशन आणि दिवसभर क्लास, ह्याने आमची ज्युनियर कॉलेजं मेली. माझ्या हजेरीपटावर 80 नावं, समोर अकरा पोरं. व्हर्नियर कॅलिपर हातात दिला तर उलटा धरतात, आणि त्यांना सीओईपीला मेकॅनिकल पाहिजे!

शहाद्याची आई:
सर, तुमच्याबद्दल नाही बोलत, पण माझ्या पोराच्या कॉलेजात वर्षभर मॅथ्सला माणूसच नव्हता. पेपर 200 चा, त्यात 100 मार्क मॅथ्सचे. क्लास लावला नसता तर काय, वर्गात बसून भिंत पाहायची?

फैजपूरचे सर:
जागा भरत नाहीत त्याला मास्तर जबाबदार? तासिकेवर शिकवणाऱ्या पोरांना महिनोनमहिने पैसे मिळत नाहीत, ते काय शिकवणार!

धुळे-18:
मास्तर नाही म्हणून पोरं क्लासला जातात आणि पोरं नाहीत म्हणून मास्तर मिळत नाही. दोघांचंही खरं आहे, कशाला एकमेकांवर ओरडताय.

यावलची (थर्ड इयर):
एक दुरुस्ती. सीओईपीला एच-ओचा घोळ नाहीच, तिथे जागा स्टेट लेव्हलच्या, कटऑफच्या यादीत कोडच्या शेवटी 'एस' असतो. म्हणजे चोपड्याचा आणि पुण्याचा पोरगा तिथे एकाच लाइनीत. शहाद्याच्या काकूंचं दुखणं खरं आहे पण ते खाजगी कॉलेजांचं, त्या पोराला घाबरवायला ते वापरू नका. आणि त्याने टीएफडब्ल्यूएस, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची ट्यूशन फी माफ असलेली सीट, भरलं तर वेगळा कटऑफ बघावा, तो बहुतेक वेळा साध्यापेक्षा वरच असतो, फी वाचते म्हणून सगळे तिकडे पळतात. मला पण 'विसर' म्हणाले होते. मी सिव्हिल पहिल्या नंबरला लिहिलं, तिसऱ्या राउंडला लागलं. पुण्याला निघाले तेव्हा आजोबा स्टँडवर सोडायला आले, हातात मेथीच्या लाडवांचा डबा, आणि मला म्हणाले, 'तिथे कोणी विचारलं तर गाव सांग, लाजू नको.'

फैजपूरचे सर:
ठीक आहे. स्टेट लेव्हलचं माझ्या डोक्यात नव्हतं, आणि कॅटेगरी न विचारता झिरो लिहायला नको होतं, तेवढं मागे घेतो. बाकीचं नाही घेत. 'होईल' म्हणणाऱ्यांनी बारीकसारीक विचारून मगच म्हणावं.

तापीकाठ:
तेच तर सकाळपासून म्हणतोय, सर.

चोपड्याच्या पोरा, कॅटेगरी, ब्रँच, घरचं उत्पन्न आणि बारावीचा जिल्हा टाक. रविवारी कटऑफ उघडून बसतो तुझ्यासोबत.

फैजपूरचे सर:
मी पण बसतो. वर काय लिहायचं ते लिहा तुम्ही, पण जळगावचं गव्हर्नमेंट कॉलेज यादीत दिसलं नाही तर फॉर्म सबमिट करू देणार नाही.