दुसरी गाडी किती रुपयांपर्यंत झेपेल?

प्रश्न (दारव्हा तालुका): मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असून दोघांचे मिळून दरमहा ७५,००० रुपये हाती येतात. पहिल्या गाडीचा ९,२०० रुपयांचा हप्ता अजून दोन वर्षे आहे. पत्नीची बदली २२ किलोमीटरवरच्या गावी झाली आणि एसटीची वेळ जुळत नाही. शिवाय सहा एकरांत कपाशी व तूर आहे.

उत्तर १: कपाशीचे पैसे हिशेबात धरू नयेत, ते दिवाळीनंतर येतात आणि जूनमध्ये बियाणे-खतांत परत जातात, हप्ता मात्र दरमहा दारात उभा असतो. ४ लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ८,५०० रुपये बसतो. त्यात रोजचे ४४ किलोमीटर, म्हणजे २५ दिवसांचे ११०० किलोमीटर मिळवा. लिटरला १८ किलोमीटर धरले तरी ६१ लिटर पेट्रोल लागते, आणि लोक नेमके हेच विसरतात.

उत्तर २: जुनी का पाहत नाही? नोंदणीच्या १५ वर्षांपैकी किती उरली आणि आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, हे आधी तपासावे. मी एकीचा पायाखालचा गालिचा उचलला तेव्हा खाली गंजलेला पत्रा निघाला. सौदा २०,०००ने उतरला.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. अडीच लाखांची जुनी गाडी पाहतो. दीड लाख तुरीचे शिल्लक आहेत, कर्ज एका लाखाचेच काढीन.